विश्लेषण : लघवीतील जिवाणूंचा छडा पाऊण तासात?

लघवीला जळजळ होते म्हणून रुग्ण येतो. डॉक्टर कल्चर लिहून देतात आणि अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतात. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्णाला तळमळत कोण ठेवणार? हा काळ पाऊण तासावर आणणाऱ्या चाचणीला जून २०२४ मध्ये ब्रिटनमधील ८० लाख पौंडांचे लाँगिट्यूड पारितोषिक मिळाले.

कल्चरला एवढा वेळ का?

जिवाणू वाढल्याशिवाय दिसत नाहीत. नमुना पोषक माध्यमावर पसरून सुमारे ३७ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवतात. मिलिलिटरमागे एक लाख जिवाणू हा रूढ निकष. मग कोणते औषध चालेल, हे पाहण्यात आणखी एक दिवस जातो.

डिपस्टिक पट्टी पुरेशी नाही?

पट्टी दोन मिनिटांत रंग बदलते, पण ती जिवाणू मोजत नाही. पांढऱ्या पेशींतील विकर आणि नायट्राइट या दोन खुणा ती शोधते. ई. कोलाय नायट्रेटचे नायट्राइट करतो, मात्र त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास साठलेली हवी. दर अर्ध्या तासाला स्वच्छतागृहात धाव घेणाऱ्या रुग्णाकडून ही अपेक्षा कशी करायची? शिवाय एन्टरोकॉकससारखे जिवाणू नायट्राइट तयारच करत नाहीत. त्यामुळे पट्टी कोरी आली, तरी संसर्ग नाही असे ठामपणे म्हणता येत नाही.

नवी चाचणी काय करते?

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधनावर आधारित ‘पीए-१००’ हे यंत्र सिस्मेक्स ॲस्ट्रेगो कंपनीचे आहे. अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी चिपवरील हजारो सूक्ष्म कप्प्यांत जाते. काही कप्प्यांत प्रतिजैविक असते. जिवाणू कुठे वाढतात, कुठे थांबतात, हे सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा टिपतो. संसर्ग आहे की नाही हे १५ मिनिटांत, तर लागू पडणारे औषध ४५ मिनिटांत कळते. अर्थात, चिपवर मोजकीच औषधे तपासता येतात. गुंतागुंतीच्या संसर्गात कल्चर टळत नाही.

भारतात उपयोग किती?

सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांना ई. कोलाय मोठ्या प्रमाणात दाद देत नसल्याचे ‘आयसीएमआर’च्या अहवालांतून दिसते. म्हणजे अंदाजाने दिलेली गोळी वाया जाण्याची शक्यता इथे जास्त. पण किंमत हा कळीचा मुद्दा ठरेल. दुसरा धोकाही आहे : ज्येष्ठांच्या लघवीत त्रास नसतानाही जिवाणू आढळतात आणि त्यावर सहसा औषध लागत नाही. गरोदर स्त्रिया मात्र याला अपवाद. त्यांच्यावर उपचार करावेच लागतात.

तपासणी कोणतीही असो, नमुना मधल्या धारेचा हवा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. उशीर होणार असेल, तर तो फ्रिजमध्ये ठेवावा. नाहीतर डबीतच जिवाणू वाढतात.