डिस्को गेला कुठे? आणि आपण नाचायचं कुठे?

एक साधा प्रश्न. आपल्या छत्रपती संभाजीनगरात तुम्हाला नाचायचं असेल, तर तुम्ही कुठे जाता?

बहुतेकांचं उत्तर येईल, मित्राच्या भावाची हळद. नाहीतर वरात. मग गणपती विसर्जन, शिवजयंतीला क्रांती चौक, भीमजयंतीला भडकल गेट, नवरात्रात दांडिया, आणि वर्षातून एकदा कॉलेजचं गॅदरिंग. संपली यादी. ‘डिस्कोत जातो’ असं कुणी म्हणणार नाही. तो शब्दच आता काकालोकांचा झालाय. डीजेच्या गाडीवरच्या रंगीत दिव्यांना अजून ‘डिस्को लाइट’ म्हणतात, आणि नवरात्रात ‘डिस्को दांडिया’चे फ्लेक्स लागतात. मराठीत डिस्को उरलाय तो एवढाच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डिस्को होताच कधी? बरोबर आहे, मुंबईसारखी डिस्कोची परंपरा मराठवाड्यात रुजलीच नाही. आपल्या आईबाबांच्या पिढीने डिस्को पाहिला तो टॉकीजमध्ये. १९८० साली ‘कुर्बानी’ आला, त्यात लंडनमध्ये राहणाऱ्या नाझिया हसन या शाळकरी पाकिस्तानी मुलीचा आवाज होता आणि बिद्दूचं संगीत. दोन वर्षांनी मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरी घराघरात पोचले. गल्लीत फुटपाथवर वाढलेला पोरगा नाचून मोठा होतो, ही त्या सिनेमाची गोष्ट. गावोगावच्या पोरांना ती आपली वाटली.

खऱ्या डिस्कोत मात्र गल्लीतल्या पोराला प्रवेश नव्हता. मुंबईत ताजमहाल हॉटेलात आधी ‘ब्लो अप’ आणि नंतर ‘१९००’ज’ होतं, मरीन ड्राइव्हवरच्या हॉटेलात ‘स्टुडिओ २९’ होता. त्या नावावर न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ची छाप दिसते. तिथे मेंबरशिप लागायची, ओळख लागायची, इंग्रजी लागायचं. नव्वदच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात ‘फायर अँड आइस’ सुरू झालं, आणि पंचतारांकित हॉटेलातला नाच बंद पडलेल्या गिरणीत आला. जिथे गिरणगावातल्या आपल्या लोकांनी पाळ्या केल्या, तिथे आता फॉग मशिनचा धूर. यावर मराठीत बरंच लिहून झालंय, मी पुन्हा सुरू करत नाही. पण एक खरं, त्या मोठ्या फ्लोअरवर शेकडो अनोळखी माणसं एकाच गाण्यावर एका वेळी नाचत होती. वरातीत हे होत नाही. तिथे सगळे ओळखीचे असतात.

हे सगळे डिस्को आता बंद आहेत. का? ‘तरुणांची आवड बदलली’ हे सोपं उत्तर झालं. अर्धं खरंही आहे. पण आधी हिशेब बघू.

डान्स फ्लोअर पैसे कमावत नाही. नाचणारा माणस जागा अडवतो, घाम गाळतो आणि पाणी मागतो. कमाई होते बारवर आणि टेबलावर. मुंबईसारख्या शहरात जागेचं भाडं वाढत गेलं, तसं मालकाच्या लक्षात आलं की जिथे दहा जण नाचतात तिथे दोन टेबलं मांडली तर बिल जास्त होतं. म्हणून फ्लोअर आक्रसत गेला. डिस्कोचा पब झाला, पबचा लाउंज झाला, लाउंजचा ‘रेस्टोबार’ झाला. आता डीजे असतो, पण लोक खुर्चीतूनच मान हलवतात. त्यात गाणी वाजवायची तर पीपीएलसारख्या संस्थांना हक्काचे पैसे द्या, परवाने काढा, पोलिसांची परवानगी घ्या. वर कर वाढतच गेले. बारमध्ये मिळणाऱ्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांचा १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या ३ पटींवरून साडेचार पटींवर नेण्याचा निर्णय झाला. त्याविरोधात १४ जुलैला राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंदही पाळला.

आता यात विद्यार्थी कुठे बसतो? महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची २१ वर्षं लागतात आणि इतर दारूसाठी २५. म्हणजे एफवाय ते टीवाय, आपल्यातल्या बहुतेकांना कायद्यानेच तिथे प्यायला बंदी आहे. गंमत बघा, माणसाला सगळ्यात जास्त नाचावंसं वाटतं ते १८ ते २२ या वयात, आणि नाचायची जागा चालते ती त्या वयाला जे विकता येत नाही त्यावर. मग दोनच गोष्टी होतात. एक तर तरुणांना बाहेर ठेवा, नाहीतर वय न विचारता आत घ्या. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं, तेव्हा गाडी चालवणारा १७ वर्षांचा मुलगा आधी पबमध्ये बसून आला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर पुण्यातल्या पबवर धडाधड कारवाई झाली.

आपल्याकडे दुर्घटना घडली की कारवाई अशी धडाधड होते आणि थोड्या दिवसांनी थंडावते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि १४ जण गेले, त्यात बहुतेक मुली-बायका होत्या. अनेक जण जीव वाचवायला टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथेच गुदमरले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये पुन्हा तेच. २५ मृत्यू, आणि त्यातले बहुतेक पाहुणे नव्हते, तिथे राबणारे कामगार होते. आठ वर्षांत काय शिकलो आपण? दर वेळी चर्चा रंगते ती ‘रात्री किती वाजेपर्यंत’ यावर. बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, छताला काय लावलंय, आत किती माणसं मावतात, हे प्रश्न आग विझेपर्यंतच टिकतात. २०१२ मध्ये मुंबईत एसीपी वसंत ढोबळे हॉकी स्टिक घेऊन पबवर छापे घालत होते, तेव्हाही वाद संस्कृती आणि स्वातंत्र्य यांचाच झाला. जानेवारी २०२० मध्ये ‘मुंबई २४ तास’ची घोषणा झाली, तेव्हाही तेच. त्यातून दारूची वेळ रात्री दीडचीच राहिली, आणि दोन महिन्यांत लॉकडाउन लागलं.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. थायलंडमध्ये डिस्कोटेकचं लाडकं नाव आहे ‘थेक’. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बँकॉकमधले थेक केवढे तरी मोठे असत, हजारो माणसं मावतील असे. पुढे २००१ नंतर थाकसिन सरकारने ‘सामाजिक शिस्ती’ची मोहीम काढली, छापे पडले, बंद होण्याच्या वेळा कडक झाल्या. २००९ सालच्या पहिल्याच रात्री ‘सांतिका’ क्लबला आग लागून ६० हून जास्त माणसं मेली. दरम्यान तिथल्या तरुणांनाही मोठा फ्लोअर नकोसा झाला. मित्रांचं एक टेबल, त्यावर बाटली आणि बर्फ, समोर लाइव्ह बँड, आणि नाचायचं तर आपल्याच टेबलाभोवती. डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, फुकेतसारख्या ठिकाणी पहाटे चारपर्यंत परवानगी मिळाली, पण ती मुख्यतः पर्यटकांकडे बघून. आणि ब्रिटनमध्ये २००५ साली तीन हजारांवर नाइटक्लब होते, दहा वर्षांत ते पावणेदोन हजारांच्या आसपास आले. तेही कोविडच्या कितीतरी आधी.

तेव्हा आता आवडीचं बोलू. डिस्कोची सगळी जादू होती ती एका गोष्टीत, जे गाणं घरी ऐकायला मिळत नाही ते तिथे मिळायचं. डीजेकडे परदेशातून आणलेली रेकॉर्ड असायची, ती तुमच्याकडे नसायची. आज तुमच्या खिशात जगातली जवळजवळ सगळी गाणी आहेत, आणि प्रत्येकाची प्लेलिस्ट वेगळी. एकाला पंजाबी हवं, दुसऱ्याला के-पॉप, तिसऱ्याला संभळ आणि हलगी मिसळलेलं मराठी रिमिक्स. एका फ्लोअरवर सगळ्यांना धरून ठेवेल असं गाणं सापडणंच अवघड झालंय. दुसरं म्हणजे कॅमेरा. अंधार हे डिस्कोचं मोठं भांडवल होतं. वाईट नाचलात तरी कुणाला दिसायचं नाही. आता वाईट नाचलात तर रात्री दोनपर्यंत तुमची रील झालेली असते. मग लोक नाचतात ते रीलच्या स्टेपपुरते, १५ सेकंद, आणि मग बसतात. दोष देत नाहीये. मीपण बसतो.

तरीही नाच मेला, असं म्हणायला पुरावा नाही. पैसे कुठे जातायत ते बघा. रोज उघडा असणारा डिस्को गेला आणि त्याच्या जागी वर्षातून एकदाची मोठी रात्र आली. गोव्यात २००७ मध्ये ‘सनबर्न’ सुरू झालं. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ होतं. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने नवी मुंबईत तीन शो केले. आपल्या इथलीही पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली, सकाळच्या गाडीने परतली आणि पुढचा महिनाभर कडकीत राहिली. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती २४ नोव्हेंबर २०२४ ची पुण्यातली दिलजीत दोसांझची मैफल. विरोध झाला म्हणून उत्पादन शुल्क खात्याने ऐनवेळी मद्यपरवाना नाकारला. कार्यक्रम एक थेंबही न विकता झाला, तोही प्रचंड गर्दीत. नाचायला दारू लागते, हे गृहीतक मालकांचं आणि पोलिसांचं, दोघांचंही. त्या रात्री नाचणाऱ्यांना त्याचं फारसं काही पडलेलं दिसलं नाही.

मुंबई-पुण्यात सध्या ‘कॉफी रेव्ह’ चालतात तेही याच वाटेवरचे. सकाळी किंवा दुपारी कॅफेत डीजे, हातात आइस्ड कॉफी, आणि दिवेलागणीपर्यंत घरी. हसू येतं खरं. पण २१ वर्षांचा नियम आडवा येत नाही, आईला खोटं सांगावं लागत नाही आणि रात्री दीडला रिक्षा शोधावी लागत नाही. मात्र कॉफीचा दर ऐकलात तर डिस्कोची कव्हर चार्ज आठवेल. दारावरचा माणूस गेला, दरपत्रक तेच काम करतं.

आता परत आपल्या शहरात येऊ, कारण इथला प्रश्न थोडा वेगळा आहे. आपला डान्स फ्लोअर म्हणजे रस्ता. फुकट, सगळ्यांसाठी खुला, कपड्यांची अट नाही. स्टुडिओ २९ च्या दारावरून जो परत गेला असता, तो इथे मध्यभागी नाचतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि डीजेला नुसती नावं ठेवणाऱ्यांनी ती विसरू नये. पण याच रस्त्यावर मुली किती असतात? भीमजयंतीला पुष्कळ दिसतात, तेही आई-मावशांसोबत. वरातीत भावांच्या कड्याच्या आत. विसर्जनाला बऱ्याच जणी कडेला उभ्या राहून व्हिडिओ काढतात. एखादी मनसोक्त नाचली, तर दुसऱ्या दिवशी कॉलनीत तिच्या घरी कुणीतरी सांगतंच. अनोळखी लोकांत नाचण्याची मोकळीक डिस्कोने ज्यांना दिली ते मूठभर होते, पण आपल्याकडच्या मुलींना ती मिळालीच नाही.

म्हणून मराठवाड्यातल्या मुलींसाठी डिस्कोच्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे दांडियाचं मैदान. कुंपण, पास, उजेड, आणि मुलींची संख्या मुलांइतकी. फक्त नऊ रात्री. तिथेही आता दारावर नाव विचारायची भाषा आलीय. २०२५ च्या नवरात्रात विश्व हिंदू परिषदेने आधार कार्ड बघून फक्त हिंदूंनाच आत सोडा, असं आयोजकांना सांगितलं. ज्या शहरात वर्गातल्या एकाच बाकावर रोहिणी आणि रुकसाना बसतात, तिथे यातली एक आत आणि एक बाहेर, असं होणार.

आवाजाचाही मुद्दा आहेच. रस्त्यावर डीजे वाजला की आजोबांची छाती धडधडते, शेजारचं बाळ दचकून उठतं, बारावीवाल्याचा अभ्यास बुडतो. ही तक्रार खोटी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस ते १२ पर्यंत वाढवू शकतं. पण त्याच नियमात एक सवलत आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, रात्रीही ध्वनियंत्रणा लावता येते, फक्त आवाज हद्दीबाहेर मर्यादेपलीकडे जायला नको. म्हणजे चार भिंतींच्या आत नाचायला कायद्याची मनाई नाही. डिस्को हे दुसरं काय होतं?

भिंती तर आपल्याकडे आहेत. कित्येक कॉलेजांत सभागृह आहे, आणि गॅदरिंग, उद्घाटनं, श्रद्धांजल्या सोडल्या तर ते कुलपात असतं. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ, आत फक्त ओळखपत्रवाले, विकायला चहा आणि वडापाव, डीजे आपल्याच वर्गातला. त्यासाठी उत्पादन शुल्काचा परवाना लागत नाही. लागतात दोन उघडे दरवाजे, चालू स्थितीतलं आग विझवण्याचं यंत्र आणि गाण्यांच्या हक्काची पावती. तुमच्या कॉलेजात असा अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर जातो, ते या आठवड्यात विचारून बघा. आणि मुलींच्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, तेही त्याच अर्जात लिहा.