तपासणी दोघांची हवी



लग्नानंतर पाळणा हलला नाही की उपासतापास, सोनोग्राफी आणि टोमणे, सगळं बाईच्याच वाट्याला येतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातही दोष आढळतो. वीर्यतपासणी साधी, बिनवेदनेची. तरी ती सर्वांत शेवटी होते! तंबाखू आणि अति दारूमुळे शुक्रजंतू कमी होतात. सवयी बदलायच्या त्या दोघांनी.

बाईनंही ओटीपोटातलं दुखणं, दुर्गंधीचा स्राव अंगावर काढू नये. जंतुसंसर्गानं, क्षयानं गर्भनलिका बंद होतात. मग नुसत्या चांगल्या आहारानं त्या उघडत नाहीत. मिश्री सोडावी, दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घ्यावं.

वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस न राहिल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुचवला, तर 2021 च्या कायद्यानं केंद्राची नोंदणी आणि लेखी संमती बंधनकारक आहे. खर्च, धोके, यशाची शक्यता आधी समजावून सांगणं हे केंद्राचं कर्तव्य आहे. ते विचारूनच सही करा.

आणि उपचार कुठे थांबवायचे, हे ठरवण्याचा हक्क जिच्या शरीरावर ते होतात तिचाच! गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोलूया, नवऱ्यांनाही बोलावूया.