पेरूचा पाला आणि जलसंजीवनी

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात. पुष्कळांनी येण्यापूर्वी घरी पेरूच्या पानांचा काढा घेतलेला असतो. विचारले की ओशाळतात. पूर्वी मी रागावत असे. आता एवढेच विचारतो, "काढ्याबरोबर पाणी किती प्यायलात?"

या काढ्यात तथ्य आहे. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने तो प्रयोगशाळेत तपासला. काढ्यामुळे पटकीच्या जंतूंचे विष कमी तयार होते व जुलाबाच्या काही जंतूंना पेशींना चिकटणे अवघड जाते, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे पुणे जिल्ह्यातील परिंचे खोऱ्यात १०९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. सहा, दहा व चौदा पानांच्या काढ्यांत दहा पानांचा, दिवसातून तीनदा घेतलेला काढा सरस ठरला. त्या रुग्णांना तीन दिवसांत आराम पडला. काढा न घेणाऱ्यांना पाच दिवस लागले.

पण या चाचणीत सर्वच रुग्णांना जलसंजीवनी दिली होती, आणि ते सर्व प्रौढ होते. ही गोष्ट घरोघर पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वी दीड वर्षाचे एक मूल माझ्याकडे आणले. दोन दिवस नुसता काढा चालू होता. "पाणी पाजले की जुलाब वाढतात" म्हणून पाणी बंद! डोळे खोल गेलेले, सलाईनसाठी शीर सापडेना. मूल वाचले. घात काढ्याने केला नव्हता, तहानेने केला होता. त्याच्या थोरल्या बहिणीला मी पूर्वी जुलाबावर औषध दिले होते, पण पाण्याविषयी आईला चार शब्द सांगितले नव्हते. तो दोष माझा.

आम्ही डॉक्टर काढ्याला हसतो आणि साध्या पातळ जुलाबालाही प्रतिजैविके लिहितो. बहुतेक वेळा त्यांची गरज नसते. हसण्याआधी आपली चिठ्ठी पाहावी. आणि आजीचा उपाय म्हणजे सिद्ध औषध, असे मानणाऱ्यांनीही थांबावे. परंपरा हे चाचणी करण्याचे उत्तम कारण आहे. चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही. लहान मुलांसाठी काढ्याचे प्रमाण व सुरक्षितता सरकारी रुग्णालयांत देखरेखीखाली तपासली पाहिजे.

तोवर मोठ्यांनी काढा जरूर घ्यावा, पण जलसंजीवनीबरोबर. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मुलांना तेच घोट-घोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्याव्यात. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर काढा उकळत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.