कलहाचे मूळ

२०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कलह वाढले, राष्ट्रीय महिला आयोगाकडील तक्रारी वाढल्या, तेव्हा सुखवस्तू विद्वानांनी निदान केले : माणसांचा संयम सुटला! हे निदान सोयीचे आहे, खरे नाही. धारावीतील दहा बाय दहाच्या खोलीत पूर्वीही सात-सात माणसे राहत, पण पाळीपाळीने. २४ मार्चच्या रात्री चार तासांच्या सूचनेने सारी एकदम कोंडली गेली, रोजीही थांबली. पूर्ण वेतन देण्याचा केंद्राचा २९ मार्चचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. रिकाम्या डब्याचा राग स्त्रीच्या पाठीवर उतरला. त्या पुरुषाला क्षमा नाहीच. परंतु निवारा व वेतन नाकारणाऱ्यांनी संयमाचे धडे देऊ नयेत. निवारा, रोजी आणि स्त्रीपुरुष समता हा लढा एकच आहे.