लॅपटॉप घ्या, पण डोळे उघडे ठेवून!

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या झळकल्या की आमच्या वस्तीवस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘पोराला लॅपटॉप कोणता घ्यावा?’ विचारणारा बाप रिक्षा चालवीत असतो किंवा कारखान्यात कंत्राटावर राबत असतो. आई बचत गटाचे कर्ज काढायला तयार असते. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढत आहे, त्या घराला विचारायला जाणता माणूस नसतो. मग उत्तर देतो तो दुकानदार, आणि तोही आपल्या कपाटात पडून राहिलेल्या मालाकडे बघून! घामाचा पैसा असा वाया जाऊ नये म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

लॅपटॉप ही आता चैन राहिलेली नाही. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन भरले तेव्हा ज्यांच्या घरी साधन होते ते शिकत राहिले आणि ज्यांच्या घरी नव्हते ते मागे पडले, हे सर्वांनी पाहिले आहे. सरकारी हिशेब मात्र जुन्याच मापाचा. 2016-17 मध्ये स्वाधार योजना आली, तेव्हा अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला 5,000 रुपये जादा धरले गेले. तेवढ्यात जुन्या लॅपटॉपला नवी बॅटरी येईल, लॅपटॉप येणार नाही. लॅपटॉपवरचा जीएसटीच 18 टक्के आहे!

तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नाही, कामाचा आहे. कला, वाणिज्य, विधी शाखेच्या मुलाला टंकलेखन, एक्सेल, टॅली आणि पीडीएफ वाचन एवढेच करायचे असते. त्याला इंटेलचा आय-3 1215यू, 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी पुरेसे आहे. 2025 मध्ये अशी यंत्रे पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपास मिळत होती. संगणकशास्त्राच्या मुलाने 16 जीबी रॅमकडे बघावे. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीत रेव्हिट, सॉलिडवर्क्स चालवायचे असेल तरच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर पैसा घालावा. आणि मुलाने ठरविण्याआधी त्याच कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारावे. तो दुकानदारापेक्षा खरे बोलेल.

आता नावांची फसवाफसवी पाहा. स्वस्तातल्या यंत्रात सेलेरॉन एन4020 बसविलेला असतो. तो 2019 चा, अवघ्या दोन कोअरचा प्रोसेसर. त्यावर चार खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकते. एएमडीचे रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू ही नावे ऐकायला सख्खी भावंडे वाटतात, पण पहिल्यात चार कोअर आहेत, दुसऱ्यात सहा. शिवाय पहिल्याची रॅम बोर्डालाच जोडलेली असते. 8 जीबी घेतली तर जन्मभर 8 जीबीच! म्हणून ‘रॅम पुढे वाढविता येते काय?’ हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारलाच पाहिजे. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, तेव्हा हा प्रश्न किती मोलाचा आहे ते अनेकांना कळले.

राहिला गेमिंगचा विषय. वडीलधाऱ्यांना हा शब्द ऐकताच राग येतो. आम्ही तो पाप मानीत नाही. दिवसभर अभ्यास आणि संध्याकाळी काम करणाऱ्या पोराने तासभर खेळले तर बिघडले काय? पैसे लावून खेळायचे खेळ ही निराळी गोष्ट. त्यांना 2025 च्या कायद्याने बंदी घातली आहे आणि त्यांच्यापासून लांबच राहावे. आमचा आक्षेप आहे तो खोटेपणाला. ‘अभ्यासाला लागतो’ असे सांगून बापाकडून सत्तर हजारांचे गेमिंग यंत्र उकळणे हा बापाच्या घामाशी केलेला दगा आहे.

आणि तेवढ्या खर्चाची गरजही नसते. व्हॅलोरंटसारखा खेळ आणि कमी दर्जाच्या सेटिंगवर जुना जीटीए-5 बऱ्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवरही चालतो. फक्त एका ऐवजी दोन रॅम-पट्ट्या जोडाव्यात. अंगचे ग्राफिक्स रॅमच वापरते, त्यामुळे खेळाचा वेग वाढतो. ज्याला स्वतंत्र कार्ड खरोखर हवे त्याने नुसते आरटीएक्स 3050 नाव बघून भुलू नये. तेच कार्ड एका यंत्रात 35 वॅटवर चालते, दुसऱ्यात 80 वॅटवर. फरक जमीन-अस्मानाचा! शिवाय अशा यंत्राचे वजन दोन किलोंच्या पुढे, आणि बॅटरी वर्गातले चार तास पुरली तरी नशीब. एसटीने ये-जा करणाऱ्या आणि भारनियमनाच्या गावात राहणाऱ्या मुलाने हे ध्यानात घ्यावे.

ज्यांचे बजेट वीस हजारांच्या आत आहे त्यांनी निराश होऊ नये. कार्यालयांतून निघालेली थिंकपॅड, लॅटिट्यूड मालिकेतली जुनी यंत्रे बिल आणि हमीसह घ्यावीत. मात्र इंटेल आठव्या पिढीच्या खालचे घेऊ नये. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि त्याहून जुन्या पिढ्या विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. घरात असे जुने यंत्र असेलच, तर त्यावर उबुंटू आणि लिब्रेऑफिस फुकट चालते. चोरीची विंडोज टाकून घेण्याची गरज नाही.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीलाही फसू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बजावले आहे. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज कागदावर शेजारी शेजारी मांडा, फसवणूक आपोआप दिसेल.

पण सगळा भार गरीब बापाच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने अभ्यासक्रमाला किमान कोणते यंत्र लागते ते प्रवेशाच्या वेळीच फलकावर लावावे. संगणक कक्ष रात्रीपर्यंत उघडे ठेवावेत. शैक्षणिक साहित्याची रक्कम आजच्या बाजारभावाने ठरवावी आणि ती परीक्षा संपल्यावर नव्हे, वर्ग सुरू होताना द्यावी.

आणि संगणक क्षेत्रात नोकरीला लागलेल्या आमच्या तरुणांना एक सांगणे आहे. वर्गणी मागायला कोणी आले तर तुम्ही नाही म्हणत नाही. यंदा पैशाबरोबर एक रविवार द्या. वस्तीतल्या एका मुलासोबत दुकानात जाऊन उभे राहा. तुम्हाला तो अर्धा दिवस पडेल, त्या घराची वर्षभराची बचत वाचेल.