पंचनाम्याआधीची विचारपूस

दिवाळीचा अंक वाचकांच्या हाती देताना संपादकाने मंगल तेवढेच बोलावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. परंतु घरोघर फराळाचा दरवळ सुटलेला असतानाच कुठल्याशा माजघरात, जगण्याचा वीट आलेल्या मुलावर किंवा बहिणीवर जागती नजर ठेवून, आल्यागेल्यांपुढे मात्र 'जरा बरं नाही' एवढीच बतावणी करीत बसलेली माणसे असतात, आणि हा अंक त्यांच्याही घरी जातो.

सरकारदरबारी या दुःखाची नोंद फार काळ गुन्ह्याच्याच रकान्यात होत आली. 1860च्या दंडसंहितेतील 309वे कलम मरणाच्या दारातून परतलेल्याला आरोपी ठरवी. मुंबई उच्च न्यायालयाने 1986मध्ये ते घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये वैध मानले, आणि अखेर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरविले. कायदा शहाणा झाला. जबानी घेण्याची आप्तांची खोड मात्र गेली नाही. 'तुला काय कमी आहे?', 'आईबापांचा तरी विचार कर', हे उद्गार मायेपोटीच निघतात, पण आधीच स्वतःला ओझे समजणाऱ्या जिवावर ते आणखी एक आरोप ठेवतात.

त्यापेक्षा 'जीव द्यावासा वाटतो का रे?' असे सरळ विचारावे. विचारल्याने नसते खूळ डोक्यात शिरते, ही समजूत निराधार आहे. उत्तर आले की उपदेशाचा मोह आवरून ऐकावे. मात्र 'कोणाला सांगू नकोस' ही शपथ घेऊ नये. शेतकऱ्याच्या घरी याहून स्थूल, पण मोलाचा बंदोबस्त म्हणजे फवारणीचे औषध घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवणे. कारण आवेगाचा भर पुष्कळदा अल्पकाळच टिकतो, आणि तेवढ्या अवधीत साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. तत्त्वचिंतकांना हा उपाय क्षुद्र वाटेल; आम्हांस वाटत नाही.

धोका समोर दिसत असेल तर माणसाला एकटे न सोडता थेट इस्पितळ गाठावे. एरवीही मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यास भाऊबीज उरकण्याची वाट पाहू नये. राहता राहिला सोबत करणारा. त्याच्या एकट्यावर सारा भार पडू नये म्हणून मामा, मावशी, शेजारचे काका, ज्यांच्यावर त्या जिवाचा भरवसा असेल त्यांनी जागरणाच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 2022पासून 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. जागणाऱ्यानेही आपली कैफियत तेथे खुशाल मांडावी.