पायउतार होण्यातील मोठेपण

संस्था उभारणे कठीण. ती वेळीच इतरांच्या हाती सोपविणे त्याहून कठीण. डच संगणकतज्ज्ञ गुइदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ‘पायथन’ ही संगणकभाषा सर्वांसाठी खुली केली. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्यांचाच शब्द अखेरचा मानला गेला. भाषेतील एका नव्या रचनेवरून कडवट वाद झाला, तेव्हा जुलै २०१८ मध्ये त्यांनी हा अधिकार स्वेच्छेने सोडला. वारसही नेमला नाही. सहकाऱ्यांनी मतदानाने पाच जणांचे मंडळ निवडले आणि त्यात एकाच कंपनीचे दोनांहून अधिक सदस्य नसावेत, असा दंडक घातला. पायथनची वाटचाल थांबली नाही. आपल्या डोळ्यांदेखत कार्य स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हीच संस्थापकाची खरी कसोटी नव्हे काय?